डबा फेकण्याआधी थोडा हिशेब

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी ३४ वर्षांची, नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. शाकाहारी आहे, वजन ५८ किलो. दीड वर्षापूर्वी जिम लावली आणि ट्रेनरच्या सांगण्यावरून प्लांट प्रोटीन सुरू केले. वाटाणा आणि ब्राउन राइसची पावडर, चॉकलेट फ्लेवर, डब्यावर 'ऑरगॅनिक' लिहिलेले. सकाळ-संध्याकाळ एकेक स्कूप. दूध पचत नाही म्हणून व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) घेतले नाही. गेल्या महिन्यात प्रोटीन पावडरींमध्ये शिसे आणि कॅडमियम सापडल्याची बातमी वाचली आणि झोप उडाली. आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतो आहोत. शिवाय मीच आग्रह करून बाबांनाही (६८, मधुमेह) हीच पावडर सुरू केली होती. ट्रेनर म्हणतो, आपला ब्रँड इम्पोर्टेड आहे, काळजी करू नका. हे म्हणतात, हवेत-पाण्यात सगळीकडेच आहे, किती घाबरशील? सासूबाई म्हणतात, फेकून दे तो डबा. पण ३,२०० रुपयांचा डबा अर्धा उरलाय. कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, त्याला द्यावा असे मनात आहे. कोणता ब्रँड सुरक्षित आहे? शरीरात साठलेले काढायला डिटॉक्स करू का? मी माझ्याच हाताने विष घेतले का?

---

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात बातमी, ट्रेनर, यजमान आणि सासूबाई असे चौघे बोलतात. चौघांचेही थोडेथोडे बरोबर आहे, म्हणूनच तुमचा गोंधळ उडाला आहे. तुम्ही स्वतः फक्त शेवटच्या ओळीत बोलता, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. तुम्ही घेतलेल्या पावडरीत शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. ते टाळायला हवे, आणि बाळाचा विचार आहे म्हणून जरा लवकर टाळायला हवे. पण एका दिवसात भिनावे असे ते विष नाही. रोजच्या कणाकणाचा हा हिशेब आहे, आणि हिशेब चुकला तर तो दुरुस्त करता येतो. बँकेतल्या बाईला हे मी काय सांगणार!

आधी बातमी. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ प्रोटीन पावडरी आणि पेयांचे निकाल जाहीर केले. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त उत्पादनांत एका वेळच्या मात्रेतच शिसे ०.५ मायक्रोग्रॅमच्या (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) वर निघाले. सगळ्यात वाईट निकाल ७.७ मायक्रोग्रॅमचा. मग 'मर्यादेच्या दीड हजार टक्के शिसे' असे मथळे झाले. मथळा खोटा नाही, पण कशाचे दीड हजार टक्के, हे त्यात नसते. ०.५ हा आकडा कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यातला आहे. ज्या पातळीला अपाय दिसत नाही असे धरले, तिला तिथे १,००० ने भागले आहे. त्याच देशाचे अन्न व औषध प्रशासन मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून ८.८ मायक्रोग्रॅम हा आकडा धरते, आणि लहान मुलांसाठी २.२. म्हणजे तोच ७.७ एका मापाने पंधरापट आणि दुसऱ्या मापाने मर्यादेच्या आत.

मग निश्चिंत व्हायचे का? मला तसे वाटत नाही. दिवसभराचा जवळजवळ सगळा कोटा एका पेल्यात संपत असेल, तर उरलेल्या दिवसाचा भात, भाजी, पाणी, मसाले यांनी काय करायचे? आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची पूर्ण निर्धोक अशी पातळी माहीतच नाही. तेव्हा घाबरून जाण्याइतके मोठे नाही, पण दीड वर्ष रोज दोनदा घ्यावे इतके क्षुल्लकही नाही. तुमच्या डब्यात नेमके किती आहे ते तुम्हाला आणि मला दोघींनाही ठाऊक नाही. खरी अडचण तीच आहे.

'हे अमेरिकेतले झाले' असे कोणी म्हणेल, तर आपल्याकडचेही सांगते. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात खपणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासून शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच प्रथिन निघाले. १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश होते. शिसेही अनेक नमुन्यांत सापडले. म्हणजे धातू बाजूला ठेवले तरी, स्कूपमागे ज्या २४ ग्रॅम प्रथिनासाठी आपण पैसे मोजतो ते २४ असतात की १२, इथपासून प्रश्न आहे.

आता तुमच्या डब्यावरचे शब्द बघू. प्लांट, ब्राउन राइस, चॉकलेट, ऑरगॅनिक. हे चारही तुम्ही 'जास्त शुद्ध' या भरवशावर निवडलेत, हे पत्रातून दिसते. धातूंच्या बाबतीत मात्र चारही शब्द उलट बाजूला झुकतात.

झाड मुळांतून पाणी ओढते, तेव्हा मातीतले बरेवाईट दोन्ही ओढते. जुन्या पेट्रोलमधले शिसे (आपल्याकडे ते २००० साली बंद झाले), रंग, बॅटऱ्यांचे भंगार, कारखान्यांची राख हे सगळे मातीत पडले की तिथून जात नाही. वाटाण्यातले प्रथिन वेगळे काढून आटवले की त्याला चिकटलेले धातूही आटून येतात. ब्राउन राइसची गंमत वेगळी आहे. भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात. त्या चिखलात आर्सेनिक सुटे होते आणि रोपाला ते सिलिका वाटून आत घेतले जाते. ते कोंड्यात जास्त साठते, आणि ब्राउन राइस म्हणजे कोंड्यासकटचा तांदूळ. कोकोची झाडे जमिनीतून कॅडमियम खेचतात, आणि बिया उघड्यावर वाळवताना धुळीतले शिसे त्यांच्या सालीवर बसते. राहिला 'ऑरगॅनिक'. हा शब्द रासायनिक खते आणि कीटकनाशकांबद्दल बोलतो. त्या मातीत पन्नास वर्षांपूर्वी काय पडले होते त्याबद्दल तो गप्प असतो.

क्लीन लेबल प्रोजेक्ट या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला ७० ब्रँडच्या १६० पावडरींचा अहवाल दिला, त्यातही हेच चित्र आहे. वनस्पतींपासून केलेल्या पावडरींत व्हेच्या साधारण तिप्पट शिसे, ऑरगॅनिकमध्ये बिगर-ऑरगॅनिकच्या तिप्पट, आणि चॉकलेटमध्ये व्हॅनिलाच्या चौपट. ही सरासरी आहे, तुमच्याच डब्याचा निकाल नाही. पण अंधारात डबा उचलायचा असेल तर कुठल्या कोपऱ्यात हात घालायचा नाही, एवढे यातून कळते.

व्हेमध्ये कमी का, असे तुमच्या मनात येईल. गायीने चाऱ्यातून धातू खाल्ले तरी तिच्या शरीरातून दुधात फार थोडे उतरतात. आणि व्हे म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. घरी पनीर केल्यावर खाली जे पिवळसर पाणी उरते, त्यातलेच प्रथिन वाळवलेले असते. आमच्या घरी ते पाणी कणीक भिजवायला वापरतात, तुम्हीही वापरत असाल.

आता एक गोष्ट जरा टोचून विचारते. दूध पचत नाही असे तुम्ही लिहिलेत. पण त्याच पत्रात दुपारच्या ताकाचा आणि रविवारच्या पालक पनीरचाही उल्लेख आहे, आणि त्याने काही त्रास झाल्याचे कुठे नाही. म्हणजे तुम्हाला दुधाची ॲलर्जी नसावी. दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नसावी, आपल्याकडे हे फार सामान्य आहे. दही-ताकात ती थोडी कमी झालेली असते, पनीरमध्येही कमी, आणि 'व्हे आयसोलेट' प्रकारात तर अगदी नाममात्र. मग दीड वर्षांपूर्वी व्हेच्या नावावर फुली मारली कोणी? तुमच्या पोटाने, की ट्रेनरने? दुधाने अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल तर मात्र ही परिच्छेदभर बडबड विसरा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नका.

पण 'कोणता ब्रँड' या प्रश्नाआधी 'किती' हा प्रश्न येतो, आणि तो पत्रात कुठेच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. तुमच्या ५८ किलोला ते ४८ ग्रॅम होते. तुम्ही आठवड्यात चार दिवस वजने उचलता, म्हणून मी सढळ हाताने ७० धरते. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी घेऊ नका असेच म्हटले आहे. मी तितकी कडक नाही, पण त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

तुम्ही लिहिलेला दिवस मी मांडून पाहिला. दाणे घातलेले पोहे ५ ग्रॅम, दोन वेळच्या मिळून चार पोळ्या १२, दोन वाट्या वरण १२, भात ४, ताक ३, चहातले दूध आणि दाण्याची चटणी मिळून ५. बेरीज ४१ च्या आसपास. म्हणजे कमी पडतात ते साधारण ३० ग्रॅम. तुम्ही पावडरीतून घेता ४८. आता हे ३० घरातून काढून बघू. रोजच्या पातळ वरणाऐवजी एका जेवणाला मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ घेतलीत की ३-४ ग्रॅम वाढतात. संध्याकाळी मूठभर फुटाणे-दाणे खाल्लेत तर ७-८. पन्नास ग्रॅम पनीर ९. तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून भाजीत टाकलेत तर १५, पण ते रोज नकोत, दोन-तीन दिवसांनी पुरे. रात्रीच्या जेवणात वाटीभर दही ४-५. रोज सगळे जमणार नाही, बँकेत मार्चअखेर असते हे मला कळते. अशा दिवसांसाठी एक स्कूप व्हे ठेवा. दिवसाला दोन स्कूपांवरून आठवड्याला तीन-चारवर आलात, तर पावडर कुठलीही असली तरी धातू एका फटक्यात तीन-चतुर्थांश कमी होतो. ब्रँड बदलून इतका फरक पडेल याची खात्री कोण देणार?

'मग डाळीत शिसे नाही का?' असाही प्रश्न येईल. असतेच थोडे, शून्य कशातच नसते. पण आज तूर, उद्या मूग, परवा मटकी, वेगवेगळ्या शेतांतली. एकाच मातीचा अर्क रोज दोनदा पोटात जात नाही.

आता पावडर घ्यायचीच असेल तेव्हा काय बघायचे. ब्रँडचे नाव मी सांगणार नाही. एका बॅचचा चांगला निकाल पुढच्या बॅचची हमी देत नाही, आणि या सदरात नाव आले की वाचक वर्षानुवर्षे तेच घेत राहतात. त्याऐवजी कंपनीला ईमेल करा: 'माझ्या डब्यावरचा बॅच क्रमांक अमुक. या बॅचचा शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचा तपासणी अहवाल पाठवा.' अहवालावर बॅच क्रमांक, तारीख आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे नाव हवे. 'सर्व चाचण्या उत्तीर्ण' असे रंगीत पोस्टर आले तर तो अहवाल नव्हे.

अहवाल वाचताना एक छोटी युक्ती. आकडे बहुतेक वेळा पीपीएममध्ये असतात आणि ०.१ पीपीएम वाचून आपल्याला हायसे वाटते. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.१ पीपीएमच्या ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ३ मायक्रोग्रॅम शिसे झाले. आकड्याला स्कूपच्या वजनाने गुणा, मगच काय ते ठरवा. तुमच्यासारख्या, बाळाचा विचार करणाऱ्या बाईने स्कूपमागे १ मायक्रोग्रॅमच्या आतली पावडर शोधावी, असे माझे स्वतःचे मत. अहवालात 'आढळले नाही' असे असेल तर शेजारी मापनाची खालची मर्यादा बघा. तीच ०.१ पीपीएम असेल, तर 'आढळले नाही' म्हणजे ३ पेक्षा कमी, एवढाच अर्थ.

डब्यावर एनएसएफसारख्या तटस्थ संस्थेचा शिक्का असेल तर चांगलेच. ते धातूही तपासतात, मात्र त्यांचीही मर्यादा शून्य नसते. काही शिक्के खेळाडूंसाठीच्या बंदी असलेल्या द्रव्यांपुरते असतात, धातूंचा त्यात फारसा संबंध नसतो, तेव्हा शिक्का कशाचा ते वाचा. आणि ट्रेनरच्या 'इम्पोर्टेड'बद्दल काय बोलू! बातमीतल्या त्या २३ पावडरी अमेरिकेच्याच बाजारातल्या होत्या. शिवाय आपल्याकडे नकली डब्यांचा धंदा जोरात आहे. आयातदाराचे नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक नसलेला डबा, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका. जाता जाता, हे फार थोड्यांना माहीत असते: अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः फी भरून विकत घेतलेला पदार्थ तपासून घेऊ शकतो. जिममधल्या दहाजणींनी वर्गणी काढली तर खर्च काही डोईजड नाही.

तुमच्या शरीराबद्दल. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. शिसे रक्तात महिनाभर रेंगाळते आणि काही भाग हाडांत जाऊन वर्षानुवर्षे बसतो. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते, तेव्हा त्याच्याबरोबर शिसेही बाहेर येते. म्हणून आत्ता, बाळाच्या आधी, रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. बहुतेक मोठ्या लॅब करतात. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधायला हवे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. बहुधा तुमचे त्याखालीच येईल. त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) तपासा, ही तपासणी मला शिशाइतकीच महत्त्वाची वाटते. अंगात लोह कमी असले की आतडी शिसे आणि कॅडमियम दोन्ही जास्त शोषून घेतात. शाकाहारी घरांतल्या, पाळी येणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी नसेल तर मला नवल वाटते. लोह आणि कॅल्शियम पुरेसे ठेवणे, हाच तुमचा 'डिटॉक्स'. बाटल्यांतले, पुड्यांतले डिटॉक्स घेऊ नका. काही भस्मांत आणि काढ्यांत शिसे आणि पाराच निघाला आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. धातू बाहेर काढणारी खरी औषधे असतात, पण ती कितीतरी वरच्या पातळीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

बाबांची पावडर मात्र आजच थांबवा. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि दहा-वीस वर्षे हलत नाही, आणि मधुमेहात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून मग त्यांच्या डॉक्टरांना विचारा की रोज किती प्रथिन चालेल. या वयात प्रथिन लागते हे खरे, पण आकडा डॉक्टरांचा हवा. आणि आग्रह केलात म्हणून स्वतःला बोल लावू नका. मुलीने आग्रह केला म्हणून बाबा जेवतात, हेच कितीतरी घरांत दिसत नाही.

यजमानांचे 'सगळीकडेच आहे' हे वाक्य मला आवडले, फक्त त्यांनी ते अर्ध्यावर सोडले. सगळीकडे आहे, म्हणून जिथून सहज काढता येईल तिथून काढायचे. हे काम त्यांच्याकडेच सोपवा. हळद सुटी पिवळीधमक आणण्याऐवजी हळकुंडे आणून दळून घ्यायची. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, मिसळतात. बांगलादेशात २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत कारवाई करून हे जवळपास बंद पाडले, म्हणजे ते बंद होऊ शकते. पितळी पातेल्यांना कल्हई करता तर कल्हईवाला शुद्ध कथील वापरतो का हे विचारायचे. स्वस्त कथिलात शिसे असू शकते. जुन्या घराचा रंग खरवडून काढायचा असेल तर तुम्ही गरोदर असताना नको.

आणि तो उरलेला अर्धा डबा. तुमचा हेतू चांगला आहे, पण जे आपल्या घरात नको ते दुसऱ्याच्या घरात देऊ नका. तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा उन्हात पळतो, आणि तुम्ही दिलेत म्हणून डोळे मिटून पिईल. डबा कचऱ्यात टाकण्याआधी बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, कंपनीला लिहायला लागेल. नवा डबा आत्ता घेणारच नसाल तर तेवढे ३,२०० रुपये हाताशी आहेत. अंडे आठ रुपयांचे धरले तर त्या मुलासाठी चारशे अंडी येतात, म्हणजे रोज चार खाल्ली तरी शंभर दिवसांची बेगमी. अंडी खातोस का, एवढे त्याला विचारा. खात नसेल तर दाणे, गूळ आणि फुटाणे.